हरणाच्या नळीची मूठ: एका तडकलेल्या सुरीचं प्रकरण

जानेवारी 2022 च्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या आजोबांनी दार वाजवलं आणि रुमालात गुंडाळलेली एक सुरी माझ्या हातात ठेवली. महिन्यापूर्वी, नाताळात, ती मीच त्यांना करून दिली होती. मुठीत पोलादाच्या दोन्ही बाजूंना हाडाची एकेक फळी बसवली होती. उजव्या फळीवर पुढच्या पितळी रिबिटापासून मागच्या टोकापर्यंत सरळ चीर गेली होती. डाव्या फळीला चीर नव्हती, पण ती पोलादापासून सुटली होती आणि नखाने उचलली की हलत होती. आजोबा म्हणाले, सुरी हातातून पडली नाही, पाण्यात भिजली नाही, ड्रॉवरमध्येच होती. एका रात्री ड्रॉवरमधून टक् असा आवाज आला आणि सकाळी बघितलं तर ही अवस्था.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेला राहतो. नोकरी यंत्रांच्या देखभालीची आहे आणि गॅरेजमध्ये छोटी भट्टी, बेल्ट ग्राइंडर आणि ऐरण असा संसार आहे. तोवर सहा-सात सुऱ्या केल्या होत्या, सगळ्या लाकडी मुठीच्या. हाडाची ही पहिलीच, आणि ज्या माणसासाठी ती केली त्याच्या दृष्टीने ते हाड पुन्हा मिळणारं नव्हतं. त्यामुळे ही चीर मला फार लागली. पुढची दोन वर्षं मी तिच्याच मागे होतो. ते सगळं इथे क्रमाने मांडतो.

हरीण आणि त्याची नळी

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. 2021 मध्ये तो 20 ते 28 नोव्हेंबर होता. परवाना लागतो, अंगावर भडक केशरी किंवा भडक गुलाबी कपडे लागतात, आणि मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत करावी लागते. आजोबा तेव्हा 78 वर्षांचे होते. स्वतःच्या शेताच्या कडेला, मचाणावर बसून त्यांनी एक मादी टिपली. खाली उतरताना गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, हे शेवटचं. मांस घरात वाटलं गेलं. नातू तेव्हा 9 वर्षांचा होता. या हरणाच्या काहीतरी वस्तूची सुरी त्याला द्यायची, असं आजोबांच्या मनात होतं.

नर असता तर प्रश्न नव्हता, शिंगाची मूठ झाली असती. मराठीत आपण गाईचं शिंग आणि सांबराचं शिंग एकाच शब्दाने बोलवतो, पण पदार्थ म्हणून दोन्ही अगदी वेगळे आहेत. गाई-म्हशीचं शिंग म्हणजे नखासारखं केराटिन. हरणाचं शिंग म्हणजे खरं हाड. ते दरवर्षी उगवतं, गळतं, आणि अंगातल्या हाडापेक्षा चिवट असतं. आपल्याकडे आजी सहाणेवर जे सांबरशिंग उगाळायची, तेच सांबरशिंग इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सुऱ्यांच्या मुठींना पिढ्यान् पिढ्या जात होतं. भारताने निर्यात बंद केल्यावर तिथल्या कारागिरांना दुसरा माल शोधावा लागला. पण मादीला शिंग नसतं. म्हणून राहिली ती पायाची नळी.

मटण खाणाऱ्या घरात नळी म्हणजे काय ते सांगायला नको. हरणाच्या मागच्या पायात घोट्याखाली जे लांब हाड असतं ते पंचवीसेक सेंटिमीटरचं, सरळ आणि जाड भिंतीचं असतं. मुळात ती दोन हाडं एकत्र जुळून झालेली असतात, म्हणून पुढून लांबलचक खोबण दिसते आणि आत पातळ पडदा असतो. मुठीला अंगातलं यापेक्षा चांगलं हाड नाही. त्याच्याभोवती मांस जवळजवळ नसतं, नुसते स्नायुबंध आणि कातडी.

हाडाला करवत लावण्याआधी एक गोष्ट मात्र मी बरोबर केली. आमच्या भागात हरणांना एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. राज्यात तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी 2002 मध्ये, इथून जवळच माउंट होरेबच्या परिसरात आदल्या हंगामात मारलेल्या तीन हरणांत. तो जंतूंनी होत नाही, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, आणि ते उकळून मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. आजोबांनी डोकं तपासणीला दिलं होतं. निकाल येईपर्यंत मी चारही नळ्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या. प्रायॉन आढळलं नाही असा निकाल आल्यावरच दोन मागच्या नळ्यांपैकी एक बाहेर काढली. कोणी हे काम करणार असेल तर या पायरीत सूट नाही.

पहिल्या वेळी मी काय केलं

डिसेंबर उजाडला होता आणि नाताळ तोंडावर होता. मी बाहेर गॅसची शेगडी लावली, मोठ्या पातेल्यात नळी टाकली आणि तीन तास खळखळ उकळली. संध्याकाळपर्यंत हाड स्वच्छ आणि पांढरंशुभ्र झालं, आणि मला वाटलं, किती सोपं. मग ते दहा दिवस हीटरच्या झरोक्याजवळ वाळवलं, उभं चिरलं आणि दोन फळ्या काढल्या.

हाड घासताना येणारा वास दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलसारखा असतो. जास्त दाब दिला की केस जळल्याचा वास येतो आणि तिथे तपकिरी डाग पडतो. ही धूळ फुफ्फुसाला वाईट, त्यामुळे चांगला मास्क आणि धूळ खेचणारा पंखा लागतोच. गोल नळी घासून सपाट करताना भिंत कुठे 3 तर कुठे 2 मिलिमीटर उरली. फळीची रुंदी जेमतेम 20 मिलिमीटर. मला वाटलं, मुलाच्या हाताला चालेल.

पात्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याने दगा दिला नाही. 1084 जातीचं साधं कार्बन पोलाद, 3 मिलिमीटरची पट्टी, 9 सेंटिमीटरचं पातं. भट्टीत लाल करून चुंबक चिकटायचं थांबल्यावर आणखी थोडं तापवलं, 815 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि कोमट कॅनोला तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे एकदम गार करून कडक केलं. मग 200 अंशावर ओव्हनमध्ये दोन-दोन तास दोनदा ठेवलं, तेव्हा गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला. कानस न चावता वरून घसरली, म्हणजे पोलाद कडक झालं होतं, आणि धार बसली.

फळ्या इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने चिकटवल्या, 5 मिलिमीटरच्या दोन पितळी रिबिटा ठोकल्या आणि त्यांची डोकी हातोडीने पसरवली. आमच्या गावचा लोहार कोयत्याच्या लाकडी मुठीला रिबीट अशीच बसवायचा. लहानपणी त्याच्या भात्यापाशी बसून ते पाहिलेलं डोळ्यांसमोर होतं. सुरी देखणी झाली होती, हे आजही म्हणेन.

तपास

फेब्रुवारीत सुरी खोलली. डावी फळी बोटाने निघाली. इपॉक्सीचा थर पूर्णच्या पूर्ण पोलादावर राहिला होता आणि हाडाची बाजू कोरी, किंचित पिवळी आणि बोटाला ओशट लागत होती. म्हणजे इपॉक्सीने पोलाद धरलं, हाड धरलंच नाही. उजवी फळी रिबिटांनी धरून ठेवली होती, आणि चीर बरोबर रिबिटाच्या छिद्रातून, हाडाच्या लांबीच्या दिशेने निघाली होती.

चुका एक नव्हत्या, चार-पाच होत्या. पण त्यातली मुख्य कोणती, हे मला आईने सांगितलं. रविवारी फोनवर सहज हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "अरे, हाड शिजवलंस कशाला? शिजलेलं हाड दाताखाली फुटतं. कच्चं हाड कोयत्याला दाद देत नाही. खाटकाला विचार."

मी बराच वेळ गप्प बसलो. आयुष्यभर नळ्या फोडून खाल्लेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, चुन्यासारखा कडक. उरलेला बहुतेक कोलॅजेन आणि पाणी. कडकपणा खनिजाचा, पण चिवटपणा कोलॅजेनचा. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन झाल्यामुळे. त्यातलं बरंचसं कातडी आणि स्नायुबंधांतून येतं, तरी हाडही आपला वाटा देतं. मी तीन तास जे उकळलं, त्यात हाडाचा धागाच सैल केला. शिवाय नळीतली चरबी वितळून भिंतीच्या बारीक छिद्रांत शिरली. वरून पांढरं दिसणारं हाड आतून तेलकट होतं, म्हणून इपॉक्सी धरलं नाही. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं होतं खरं, पण ते फक्त पृष्ठभागापुरतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्याच नळीचा एक उरलेला तुकडा माझ्या टेबलावर पडला होता. डिसेंबरात त्यावर पेन्सिलने 42 ग्रॅम असं वजन लिहिलं होतं, तेव्हा फक्त नोंद म्हणून. फेब्रुवारीत तो 39 ग्रॅम भरला. दहा दिवस हीटरजवळ ठेवून मी हाड वरवर कोरडं केलं होतं, आत ओल होतीच. इथे हिवाळ्यात बाहेर उणे 15 अंश आणि घरात 21 अंश असतं. बाहेरची हवा आत येऊन तापली की ती इतकी कोरडी होते की घरातली आर्द्रता 20 टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, लाकडी फरशीत फटी पडतात. हाड मुठीत बसल्यावर वाळलं, आणि वाळताना ते लांबीपेक्षा रुंदीत जास्त आकसतं. खालचं पोलाद आकसत नाही. रिबीट ठोकताना मी छिद्रात आधीच ताण भरून ठेवला होता. लाकूड तो ताण सोसतं, थोडं दबतं. शिजवलेलं, 2 मिलिमीटरचं, तंतू लांबीच्या दिशेने असलेलं हाड दबत नाही. ते चिरतं.

आणि तेव्हा मला गावची बैलगाडी आठवली. चाकाची लोखंडी धाव तापवून लाकडावर चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की धाव सैल पडते, मग शेतकरी चाक ओढ्यात नाहीतर हौदात ठेवतो, लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट. तिथे आकसणारी वस्तू आत आणि न आकसणारी बाहेर. आकसली तर नुसती सैल होते, फुटत नाही. माझ्या सुरीत उलटं होतं. न आकसणारी वस्तू आत, आकसणारी बाहेर, आणि रिबिटांनी जखडलेली. अशा रचनेत बाहेरच्या वस्तूला जायला जागा नसते.

यातून जो नियम मी पुढे पाळला तो असा: हाड पोलादाला जोडायचं ते त्याच्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. म्हणजे नंतर ते फक्त फुगेल. फुगलं तर किंचित सैल होईल आणि लवचीक गोंद तेवढी जागा सांभाळून घेईल. पण त्या दिवसांपेक्षा आणखी आकसून ताण येणार नाही.

दुसरी नळी

मागच्या पायाची दुसरी नळी फ्रीझरमध्ये तशीच होती. आजोबांना विचारलं, वेळ लागला तर चालेल का. ते म्हणाले, पोरगा 11 वर्षांचा होऊन पहिल्यांदा माझ्याबरोबर येईल तोवर झाली तरी पुरे. म्हणजे नोव्हेंबर 2023. मला दीड वर्षापेक्षा जास्त वेळ मिळाला.

एप्रिल 2022 मध्ये नळी बाहेर काढली. हातमोजे घालून सुरीने जितकं खरवडता येईल तितकं खरवडलं, दोन्ही टोकांना एकेक छिद्र पाडून आतली मज्जा तारेने काढली आणि झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवली. गॅरेजच्या मागे ठेवली. तीन-चार दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. वास असा येतो की दोन घरं पलीकडचा माणूस विचारतो, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. महिनाभरात उरलेलं सगळं मऊ होऊन आपोआप सुटलं. एकदाही उकळलं नाही.

मग चरबी. कोमट पाण्यात, हात घालता येईल इतक्याच, भांड्यांचा साबण घालून हाड ठेवायचं. पाणी गढूळ झालं की बदलायचं. याला मला सहा आठवडे लागले आणि या पायरीत घाई करण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण हाड पहिल्या आठवड्यातच स्वच्छ दिसू लागतं. चरबी गेली की नाही हे पाहायची माझी पद्धत स्वयंपाकघरातली आहे: हाड सुकवून रात्रभर तपकिरी कागदावर ठेवायचं. भज्यांसारखा डाग पडला तर परत साबणात. चौथ्या खेपेला कागद कोरा राहिला. त्यानंतर दोन दिवस 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवलं. फरशी धुवायचं क्लोरीनचं ब्लीच वापरायचं नाही. ते कोलॅजेन खातं, आणि आपण इतका खटाटोप करतो तो कोलॅजेन वाचवण्यासाठीच.

जुलैपासून वाळवण. पहिले दोन आठवडे वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत, म्हणजे बाहेरचा थर आतल्यापेक्षा फार लवकर आकसून चिरा पडणार नाहीत. मग उघड्यावर. दर रविवारी वजन. उन्हाळाभर आकडा खाली-वर होत राहिला. डिसेंबरात हीटर सुरू झाल्यावर तो पुन्हा घसरू लागला आणि जानेवारी 2023 मध्ये सलग तीन रविवार एकच राहिला. त्या आठवड्यात मी मूठ जोडली.

रचनाही बदलली. फळ्या काढायच्याच नाहीत असं ठरवलं. नळी मुळात पोकळ असते, मग ती चिरून सपाट करण्याचा अट्टहास कशाला? पात्याचा मुठीत जाणारा भाग 8 मिलिमीटर रुंदीचा ठेवला, विळ्याच्या किंवा खुरप्याच्या शेपटासारखा. नळीतला मधला पडदा लांब गोल कानसीने काढला. पात्याच्या बाजूला 6 मिलिमीटरचं पितळी कडं, कडं आणि हाड यांच्यामध्ये लाल फायबरची पातळ चकती, मागच्या टोकाला अक्रोडाच्या लाकडाची गुडदी. आत पूर्ण कडक होणारं इपॉक्सी न भरता थोडी लवचीकता राखणारं भरलं आणि 24 तास शिकंजात ठेवलं. संपूर्ण मुठीत एकही छिद्र नाही, एकही रिबीट नाही. पुढची खोबण तशीच ठेवली. अंगठा तिथे बरोबर बसतो, आणि ती ज्या प्राण्याची आहे हे हाताला कळत राहतं.

भारतात हे करू पाहणाऱ्या वाचकांना स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे. शिकार गुन्हा आहेच, पण कायदा जिवंत जनावरापुरता नाही. वन्यप्राण्याचं हाड, शिंग, कातडं आणि त्यांपासून केलेली वस्तूही त्यात येते. जंगलात पडलेलं सांबरशिंग उचलून त्याची मूठ करणंही या कायद्याच्या बाहेर नाही. पण कारागिरीसाठी हरीण लागत नाही. कायदेशीर कत्तलखान्यातून आलेली म्हशीची नळी हरणाच्या नळीपेक्षा रुंद आणि दुप्पट जाड असते, तिच्या फळ्या सहज निघतात, आणि उत्तर प्रदेशात संभलला हाड-शिंगाचं काम करणाऱ्यांची वस्तीच्या वस्ती आहे. बोकडाची नळी मात्र मुठीला बारीक पडते. पाणी, साबण, वाळवण आणि वजन हे सगळं म्हशीच्या हाडालाही जसंच्या तसं लागू आहे.

आजची स्थिती

2023 च्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी सुरी दिली. नातू आजोबांबरोबर मचाणाखाली, जमिनीवर खुर्ची टाकून बसला. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला मादी मिळाली, आणि पोट फाडण्यापासून कातडं उतरवण्यापर्यंत ही एकच सुरी चालली. रक्त आणि थंडीने बोटं बधिर झालेली असताना मूठ हातात फिरली नाही, असं त्याने मला मुद्दाम येऊन सांगितलं. खोबणीत रक्त अडकतं, ते काढायला जुना दात घासायचा ब्रश लागतो. हा दोष मी मान्य करतो. पुढच्या मुठीत खोबण अर्धी भरून घेईन.

त्यानंतर दरवर्षी फेब्रुवारीत, घर सगळ्यात कोरडं असताना, मी ती सुरी तासाभरासाठी मागून आणतो आणि भिंगाखाली बघतो. कडं आणि हाड यांच्यात नख जात नाही. मागच्या गुडदीच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते, ती पहिल्या हिवाळ्यात होती तेवढीच आहे. हाडाचा पांढरा रंग हातांच्या तेलाने सायीसारखा होत चालला आहे.

पहिली सुरी मी फेकणार होतो. आजोबांनी ती परत मागितली. मी तिच्या पात्याला त्यांच्याच शेतातल्या ओकची मूठ लावून दिली, आणि तडकलेली फळी त्यांनी शेडच्या खिडकीत ठेवली आहे. परवा त्यांनी विचारलं, पुढच्या पायांच्या नळ्या अजून आहेत ना. आहेत, त्याच पिशवीत. मागच्यांपेक्षा थोड्या आखूड आहेत. नात आता 8 वर्षांची आहे, तिच्या मुठीचं माप घ्यायला मी शनिवारी जाणार आहे.